फोटो एडिटिंग शिकताना सॉफ्टवेअर फुकटचं घेऊ की विकतचं?

प्रश्न विचारणाऱ्या मुलाची परिस्थिती आधी सांगतो म्हणजे उत्तर कुणासाठी आहे ते कळेल. सेकंडहँड कॅनन १५००डी घेतलाय, सोबतची १८-५५ लेन्स, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ओळखीत बारसं, साखरपुडा, हळद असे कार्यक्रम काढतो. काकांचं हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम आहे, त्यांना गिऱ्हाइकांना पाठवायला फोटो पाहिजेत. एक मित्र म्हणतो फोटोशॉपशिवाय काही होत नाही, क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, टाक. दुसरा म्हणतो गिंप फुकट आहे, तेच शीक. तर हा विचारतोय की दर महिन्याचा प्लॅन घेऊ की फुकटच्यावर भागवू.

मी अठरा वर्षं लग्नं आणि प्रॉडक्टचे फोटो करतोय, फुकटचं आणि विकतचं दोन्ही सॉफ्टवेअर रोज वापरतो. उत्तर आधीच देऊन टाकतो: सहा महिने एक रुपया देऊ नकोस. पण एक वही कर आणि एडिट करताना जिथे जिथे अडशील ते तारीख टाकून त्यात लिही. "केस आणि मागची भिंत वेगळी होत नाही", "चारशे फोटोंना एकसारखा रंग देताना दोन रात्री गेल्या", असं सरळ. सहा महिन्यांनी त्या वहीत एकच तक्रार पंधरा वेळा आली असेल आणि त्या कामाचे तुला पैसे मिळत असतील तर त्या तक्रारीवर पैसे खर्च कर. वही रिकामी असेल तर प्लॅन घेऊनही तुझे फोटो सुधारणार नाहीत.

आता तुझ्या दोन मित्रांचं भांडण. ते दोघेही एकाच जातीच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतायत आणि तुझं नव्वद टक्के काम वेगळ्याच जातीचं आहे, ही गोष्ट सुरुवातीला कुणी सांगत नाही. फोटोशॉप आणि गिंप हे एका फोटोत शिरून काम करायला आहेत: मागचा माणूस काढायचा, बॅकग्राउंड बदलायचं, दोन फोटो एकत्र करायचे, अल्बमचं पान बसवायचं. कार्यक्रमातून आलेल्या पाचशे फोटोंचा उजेड, रंग, क्रॉप नीट करणं हे दुसरं काम, आम्ही त्याला रॉ (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा) डेव्हलप करणं म्हणतो, आणि त्याची सॉफ्टवेअर वेगळी असतात: लाइटरूम, कॅप्चर वन, डार्कटेबल, रॉथेरपी, आणि कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं.

कॅमेऱ्यात आधी रॉ चालू कर, कारण सॉफ्टवेअरचा सगळा वाद त्याच्या पुढचा आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तुझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १४ बिट म्हणजे १६,३८४. हळदीचा कार्यक्रम घे, पिवळा मांडव, पिवळी साडी, अंगाला हळद, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, एवढं पिवळं बघून गोंधळतो आणि सगळं निळसर करून टाकतो, किंवा मांडवाला जांभळे एलईडी असतील तर नवरीचा चेहराच जांभळा येतो. जेपेग असेल तर ते मागे ओढताना कातडीचा रंग फाटतो, गालावर डाग पडल्यासारखे पट्टे दिसतात. रॉ असेल तर बराचसा रंग परत येतो. ह्यात फुकट-विकतचा संबंधच नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेला रॉ हा विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेल्या जेपेगला सहज मागे टाकतो. फक्त एक रॉ साधारण २५-३० एमबीचा होतो, त्यामुळे कार्ड आणि डिस्कची सोय बघ.

तुझ्यासाठी पहिलं सॉफ्टवेअर मी कॅननचंच सांगेन, डिजिटल फोटो प्रोफेशनल, आम्ही डीपीपी म्हणतो. कॅमेरा घेतलाय म्हणजे ते तुला मिळालेलंच आहे, सेकंडहँड असला तरी. डाउनलोड करताना काही वेळा कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर मागतात, तो बॉडीच्या बुडाशी छापलेला असतो. निकॉनवाल्यांना असंच एनएक्स स्टुडिओ मिळतं, सोनीवाल्यांना इमेजिंग एज. लोक ह्यांना हात लावत नाहीत कारण दिसायला जुनाट आहेत आणि चालतातही हळू, पण शिकणाऱ्याला एक मोठा फायदा असतो, रॉ उघडल्या उघडल्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसला होता तसाच रंग दिसतो कारण कॅननची पिक्चर स्टाइल त्यात तशीच लागते. मग तू एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, काँट्रास्ट, लेन्सची दुरुस्ती एवढंच हलवायचं, आणि एका फोटोची रेसिपी, म्हणजे त्यात केलेले सगळे बदल, कॉपी करून त्याच उजेडातल्या पन्नास फोटोंवर पेस्ट करायची. मूळ डेटा शाबूत राहतो, कधीही मागे येता येतं. पहिले दोन महिने ह्याच्याबाहेर जाऊ नकोस. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, वाचायला, पांढरे कपडे जळू न देता चेहरा उजळायला एवढ्यात शिकता येतं आणि ते शिकलेलं पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं कामाला येतं.

डीपीपीमध्ये नाइलाज होतो तो फोटोचा एकच भाग नीट करताना. चेहऱ्यावरच उजेड वाढवायचाय, मागचा मांडव तसाच ठेवायचाय, तिथे ते तोकडं पडतं. तेव्हा डार्कटेबलवर ये. २००९ पासून चालू असलेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो, साधारण जून आणि डिसेंबरला नवीन आवृत्ती येते. ताकदीला कुठेच कमी नाही. ब्रशने किंवा आकार काढून मास्क करता येतो, म्हणजे बदल फोटोच्या तेवढ्याच भागाला लागतो, "फक्त ह्या रंगावर, फक्त एवढ्या उजेडावर" असा मास्क करता येतो, आवाज कमी करायला कॅमेऱ्यागणिक आधीच मोजून ठेवलेली प्रोफाइल आहेत. आवाज म्हणजे अंधारातल्या फोटोत येतात ते रवाळ ठिपके.

पण डार्कटेबल पहिल्यांदा उघडणारी दहातली आठ पोरं आठवड्यात पळून जातात आणि त्याचं कारण मी सांगून ठेवतो. फोटो उघडतो तेव्हा तो फिका, मेलेला दिसतो. यादीत असताना छान दिसत होता आणि उघडल्यावर रंग उतरला असं वाटतं. झालेलं एवढंच असतं की यादीत तुला कॅमेऱ्याने रॉच्या आत ठेवलेला छोटा जेपेग दिसत होता, आणि उघडल्यावर दिसतो तो खरा कच्चा डेटा, ज्यावर अजून कुणी काही केलेलं नाही. डिसेंबर २०२४ ला आलेल्या ५.० पासून त्यात पाचशेहून जास्त कॅमेऱ्यांच्या स्टाइल दिल्यात, त्या कॅमेऱ्याच्या जेपेगच्या जवळ नेऊन सोडतात, तिथून सुरुवात कर. आणि मॉड्यूलची लांबलचक यादी बघून घाबरू नकोस. एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, डीनॉइझ (आवाज कमी करणारं), लेन्स करेक्शन, क्रॉप, एवढी सहा धर. बाकीची एक वर्ष बंद राहिली तरी तुझं काही अडणार नाही.

रॉथेरपीही तितकंच चांगलं आहे, एका-एका फोटोवर खोलात काम करायला मला ते आवडतं, पण दोन्ही एकदम शिकू नकोस.

गिंपकडे येऊ. १९९५ ला बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस, सुरू केलेलं, आजपर्यंत पूर्ण फुकट. त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे "रॉ उघडत नाही". ते त्याचं कामच नाही, पण मशीनवर डार्कटेबल किंवा रॉथेरपी असेल तर गिंपमध्ये रॉ टाकल्यावर ते आधी तिकडे उघडतं आणि डेव्हलप करून गिंपमध्ये आणतं. दुसरी तक्रार खरी होती: एकदा फिल्टर लावला की तो फोटोत कायमचा मुरायचा, उद्या थोडा कमी करायचा म्हटलं तर जमायचं नाही. मार्च २०२५ ला आलेल्या ३.० मध्ये फिल्टर नंतरही बदलता येतात, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गिंपला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नकोस आणि स्वतः २.१० घेऊन बसू नकोस, ३ च्या पुढचंच घे.

तरी तुला मी गिंपच्या आधी फोटोपी बघायला सांगेन. ब्राउझरमध्ये उघडतं, जाहिरातींवर चालतं, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, आणि मेनू, लेयर, शॉर्टकट सगळं फोटोशॉपच्या वळणाचं आहे. फाइल तुझ्याच मशीनवर प्रोसेस होते, कुठल्या सर्व्हरवर चढत नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की यूट्यूबवरचे बहुतेक धडे, मराठीतलेसुद्धा, फोटोशॉपवरच आहेत, ते बघत बघत तू फोटोपीत हात चालवू शकतोस. उद्या कोल्हापूर-पुण्यातल्या एखाद्या लॅबमध्ये नाहीतर अल्बम डिझाइनरकडे कामाला गेलास तर तिथे फोटोशॉपच असणार, तेव्हा हात बसलेला असेल. जड कामाला मात्र ते नाही. १२ बाय ३६ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होतं, त्यात पंधरा लेयर टाकलेस की ब्राउझर मान टाकतो.

आणि अ‍ॅफिनिटी. इंग्लंडच्या सेरिफ कंपनीच्या ह्या सॉफ्टवेअरमधलं फोटोचं २०१५ पासून एकरकमी विकत मिळायचं, मी स्वतः पैसे देऊन घेतलेलं. मार्च २०२४ ला ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅन्व्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस फोटो, डिझाइन आणि पानं लावणं असं तिन्ही एकत्र करून फुकट दिलं. कॅन्व्हाचं फुकट खातं लागतं, एआयची हत्यारं पाहिजेत तर कॅन्व्हाचा पैशाचा प्लॅन लागतो, बाकी काम पूर्ण होतं. छपाईचं सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या हिशेबाने रंग, त्यात मला गिंपपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. काकांनी उद्या छापील कॅटलॉग करायचं काढलं तर हे उपयोगी पडेल.

आता फुकट ह्या शब्दाबद्दल थोडं थांबतो, कारण सगळं फुकट एका जातीचं नसतं. गिंप, डार्कटेबल, रॉथेरपी ह्यांचा सोर्स कोड खुला आहे, उद्या मूळ लोक सोडून गेले तरी दुसरं कुणी तो पुढे नेऊ शकतं आणि आज उतरवलेली आवृत्ती तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. डीपीपी फुकट आहे कारण कॅमेऱ्याच्या किमतीत ते आलं. अ‍ॅफिनिटी फुकट आहे कारण आज एका कंपनीला ते फुकट देणं परवडतंय. ह्या तिसऱ्या प्रकाराचं काय होतं ते आमच्या पिढीने बघितलंय. निक कलेक्शन नावाचे फार सुंदर प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायची हत्यारं, होते, ब्लॅक अँड व्हाइटला तर त्यांच्यासारखं दुसरं नव्हतं. गुगलने २०१२ मध्ये ती कंपनी घेतली, मार्च २०१६ मध्ये प्लगइन फुकट करून टाकले, आम्ही सगळ्यांनी आनंदाने घेतले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ते डीएक्सओला विकले, आज ते परत पैशाचे आहेत. गुगलचंच फोटो लावून ठेवायचं पिकासा तर २०१६ ला बंदच झालं, तेव्हा त्यात वर्षानुवर्षं अल्बम लावून ठेवलेले किती लोक हळहळले. म्हणून कंपनीने दिलेलं फुकट जरूर वापर, पण मूळ रॉ आणि तयार झालेला मोठा टिफ किंवा जेपेग दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. एका सॉफ्टवेअरचं एडिट दुसऱ्यात उघडत नाही, लाइटरूममध्ये हलवलेले स्लायडर डार्कटेबलला नीट समजत नाहीत, पण रॉ आणि टिफ सगळ्यांना समजतात.

चौथाही एक प्रकार आहे, मोबाइलवरची ती अ‍ॅप्स जी "फ्री" म्हणून उतरतात आणि सेव्ह करताना वॉटरमार्क टाकतात, साइझ कमी करतात किंवा तीन दिवसांच्या ट्रायलसाठी कार्ड मागतात. शिवाय त्यातली काही फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढवून एडिट करतात. तुझ्याकडे लोकांच्या घरातले, बायकामुलांचे फोटो असतात, ते तुझ्या भरवशावर असतात, ते असे कुठेतरी चढवायचे नाहीत. मोबाइलवर काम करायचंच असेल तर स्नॅपसीड घे, फुकट आहे, वॉटरमार्क नाही, डीएनजी रॉही उघडतं.

मग विकतच्यात असं काय आहे की मी स्वतः पैसे देतो? वेळ. एवढंच कारण. लग्नाचे तीन दिवसांचे दोन-अडीच हजार फोटो येतात, त्यातून सहाशे निवडायचे आणि एकसारखे करून द्यायचे. लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२१ पासून "सब्जेक्ट निवड" (फोटोतला मुख्य माणूस किंवा वस्तू), "आकाश निवड" असं एका क्लिकवर होतं आणि तो मास्क शंभर फोटोंवर सिंक केला तर प्रत्येक फोटोत तो नव्याने माणूस शोधतो. जे मी पूर्वी ब्रशने दोन रात्री करायचो ते एका दुपारी होतं. एप्रिल २०२३ मध्ये आलेलं एआय डीनॉइझ तर रात्रीच्या वरातीच्या फोटोंना नवीन जन्म देतं. सीझनमध्ये चार लग्नं हातात असताना ह्या वाचलेल्या रात्रींची किंमत प्लॅनच्या कितीतरी पट आहे. तुझा महिन्याला एक साखरपुडा असतो आणि दोनशे फोटो असतात, तुझ्याकडे तो वाचलेला वेळ कमाईत बदलत नाही, अजून तरी. उलट ब्रशने हाताने मास्क करत बसणं हे तुझ्या ह्या वयात शिकण्यासारखंच आहे, उजेड चेहऱ्यावर कुठून कुठे उतरतो ते त्यातून कळतं.

आणि लॅपटॉपचा मुद्दा. ते एआय डीनॉइझ चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही सेकंदात होतं, तुझ्यासारख्या कार्ड नसलेल्या मशीनवर एका फोटोला कित्येक मिनिटं घेतं. फोटोशॉपला ८ जीबी रॅम ही कमीत कमी गरज आहे, १६ सुचवलेली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे द्यायचे तीच तुझ्या मशीनवर रांगणार. आधी रॅम १६ करता येते का ते दुरुस्तीवाल्याला विचार, काही लॅपटॉपमध्ये जागा असते.

प्लॅन घेशील तेव्हा अटी वाचून घे, कारण नवीन पोरं इथेच फसतात. फोटोशॉप-लाइटरूम बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये नवीन फोटोशॉप एकरकमी विकणं थांबवलं, सीएस६ शेवटचं, लाइटरूममध्ये २०१५ चं ६ शेवटचं. तेव्हापासून भाडं. त्यात "वर्षाचा करार, पैसे महिन्याला" असा जो प्लॅन असतो तो महिन्याचा वाटतो पण वर्षाचा असतो, चौदा दिवसांनंतर मध्येच सोडलास तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ही रक्कम ग्राहकाला नीट दाखवली जात नाही म्हणून जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने अ‍ॅडोबीवर खटलाही भरला. एक समजुतीचा हिशेब कर: महिना हजार धरलास तर सहा महिन्यांनी सोडताना उरलेले सहा हजार, त्याचे निम्मे तीन हजार, काम काहीच न करता. विद्यार्थी सवलत मिळते, पण पहिल्या वर्षानंतर भाव वाढतो ते बघून ठेव. आणि लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबलं तर फोटो जात नाहीत, उघडता येतात, एक्स्पोर्ट करता येतात, फक्त डेव्हलप आणि मॅपची पानं बंद होतात. हे मी सांगतो कारण "प्लॅन संपला की सगळे फोटो गेले" अशी भीती बऱ्याच जणांना असते.

एकरकमी घ्यायचं तर डीएक्सओ फोटोलॅब आहे, ट्रायल मिळते, त्याचं डीनॉइझ फार चांगलं आहे. फोटोशॉप एलिमेंट्सला लोक अजून एकरकमी समजतात, पण २०२५ च्या आवृत्तीपासून ते तीन वर्षांचं लायसन्स झालंय.

क्रॅकचं. ह्यावर मी कडक बोलणार आहे. मी हाताखाली काम करत होतो त्या स्टुडिओत सगळ्या मशीनवर क्रॅक होतं, तेव्हा सगळीकडेच असायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका सकाळी मशीन चालू केलं तर सगळ्या फाइलींच्या नावापुढे भलतंच काहीतरी लागलेलं आणि एकही उघडेना. तीन लग्नं होती त्यात. दोघांचे रॉ कार्डांवर शिल्लक सापडले, तिसऱ्याचे नाही. त्या मुलीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात गेले होते आणि त्यांचे शेवटचे फोटो आमच्याकडे होते. ती समोर बसून रडत होती आणि आमच्यापैकी कुणाकडे बोलायला शब्द नव्हते. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार आपणच उघडून देतो. कायदाही आहे, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी खाली चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण मला विचारशील तर कायद्याच्या आधी ती मुलगी आठवते. इतकं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना आता ह्याला कारणच उरलेलं नाही, भावा.

मराठी मजकूर टाकायचा असेल, म्हणजे बारशाची पत्रिका, पैंजणांच्या फोटोवर नाव-वजन, तर सॉफ्टवेअर निवडताना एक चाचणी घे जी इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. "महाराष्ट्र, कर्तृत्व, दृष्टिकोन, शुद्धिपत्र" एवढं युनिकोडमध्ये टाइप कर आणि बघ. जुन्या फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडायची, जोडाक्षरांचे पाय मोडायचे, म्हणूनच आपल्याकडे फ्लेक्सवाले अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट धरून आहेत. नव्या फोटोशॉपमध्ये टेक्स्टच्या सेटिंगला वर्ल्ड-रेडी केलं की नीट येतं. गिंपमध्ये नीट येतं, काही करावं लागत नाही. अ‍ॅफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्यांत मी हात पोळून घेतलेत, त्यामुळे त्यात पत्रिकेचं काम हाती घेण्याआधी ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. फॉन्टला मुक्ता आणि बलू घे, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, फुकट आणि छापायलाही मोकळे.

आता पैंजण. ह्यात सॉफ्टवेअरपेक्षा टेबलावरचं काम जास्त आहे. चांदी आरशासारखी असते, समोर जे असेल ते दाखवते, तू लाल शर्ट घालून उभा राहिलास तर पैंजण लालसर येणार आणि ते एडिटमध्ये काढायला तास जातो. पांढरा किंवा करडा शर्ट घाल. खिडकीला ट्रेसिंग पेपर लाव, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी कर, आणि कडेला काळ्या कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या ठेव, त्यांचं प्रतिबिंब पैंजणाच्या कडांना आखीव रेघ देतं, नाहीतर पांढऱ्यावर चांदी विरघळून जाते. ट्रायपॉड, एफ ११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. घुंगरांच्या फटीतली धूळ आधी मऊ ब्रशने काढ, एडिटमध्ये एक-एक कण पुसत बसण्यापेक्षा ते दहा पटीने सोपं.

पहिल्या फोटोत पैंजणाशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करड्या रंगाचं कार्ड, ठेवून काढ, डीपीपीमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर मार आणि ती रेसिपी सगळ्या फोटोंना पेस्ट कर. उजेड बदलला नसेल तर चाळीस पैंजणांचा रंग दोन मिनिटांत झाला. बॅकग्राउंड पूर्ण पांढरं करायच्या मागे लागू नकोस, हलकी करडी छटा राहू दे. कुठे रंगाची झाक राहिलीच तर डार्कटेबलमध्ये फक्त चांदीवर मास्क करून सॅच्युरेशन कमी कर, पण मीनाकारी असेल तर तो भाग मास्कमधून वगळ. चांदी आहे त्याहून पांढरी, चकचकीत करून दाखवू नकोस, पार्सल उघडल्यावर वेगळं दिसलं तर माल परत येतो आणि नाव काकांचं जातं. एक्स्पोर्ट एसआरजीबी जेपेग, लांब बाजू २००० पिक्सेल, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून बारीक नक्षी खाऊन टाकतं.

प्लॅनचे पहिल्या वर्षीचे जे पैसे वाचतील त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क घे आणि प्रत्येक कार्यक्रमाचे रॉ घरी आल्या आल्या, जेवायच्या आधी, दोन ठिकाणी टाकत जा. उरले तर ग्रे कार्ड आणि बरा ट्रायपॉड. काकांची पहिली खेप काढलीस की डीपीपीमधून काढलेला एक जेपेग आणि त्याचा रॉ दोन्ही मला पाठव, कुठे अडलास ते वहीतलं पानही सोबत पाठव, त्यावरून पुढचं बोलू.